बुधरीचं दूध आणि मास्तरांची काच

चांद्याच्या बिनबा दरवाज्याच्या आतल्या गल्लीत सकाळ झाली की आधी म्हशीच्या गळ्यातली लाकडी खडखड ऐकू यायची, मग शेणाचा वास यायचा आणि मग बुधरी. म्हैस पुढे, पारडू मागे आणि मधे हातात दुधाची पितळी कासंडी धरलेली ही काळी, काटकुळी गोवारीण. म्हशीचं नाव काजळी. ज्याला जेवढं दूध हवं तेवढं त्याच्या दारातच, त्याच्या डोळ्यांदेखत पिळायचं, ही बुधरीची रीत. भांडं तुमचं. आधी ती ते उपडं करून दाखवायची, आत हात फिरवून ओला लागत नाही हे दाखवायची, मगच गुडघ्यांत धरायची.

"पाहून घ्या जी. मंग म्हणसान बुधरीनं पाणी टाकलं."

म्हणायचं कोणी नाही, पण तिची ती सवय होती. सवय कसली, मिजासच म्हणा. गरिबाला मिजास करायला दुसरं असतं तरी काय!

आणखी एक रीत होती. काजळीची तीन आचळं गल्लीची, चौथं पारडाचं. त्या चौथ्याला ती बोट लावायची नाही. सासूनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच बजावलं होतं, आणि सासू मेली, सासऱ्यामागोमाग नवराही तापानं गेला, पण चौथं आचळ राहिलं. गल्लीतल्या बायांना याची भारी गंमत वाटायची.

"काऊन वं बुधरे, एवढं पाजून पाजून पारडाले का कलेक्टर कराचं हाये?"

"होऊ द्या ना बाई. तुमच्या घरचे तं झाले नाई, माया घरचं होऊ द्या."

अशी तोंडाची तिखट होती. हसायची मात्र भाबडं. दोन लेकरं झाली होती, दोन्ही गेली. दुसरं गेलं तेव्हा अंगावर दूध होतं. चोळीची कापडं पिळून पिळून वाळत घालायची आणि कोणाशी बोलायची नाही. ते दिवस तिनं कधी कोणाला सांगितले नाहीत.

गल्लीच्या टोकाला गुणवंतराव मास्तरांचं घर. मास्तर पेन्शनीत निघालेले. शाळा सुटली पण छडी सुटली नव्हती. आता ते वर्ग म्हणून बाजाराला धरत. मूल गावाकडचा तांदूळ यायचा, तो पसाभर पाण्यात टाकून खडे मोजायचे. मधवाल्याचा मध कागदावर थेंब टाकून पाहायचे. तुपात डालडा आहे का, ते तळहातावर चोळून हुंगायचे. जवसाच्या तेलासाठी घाण्यावर जाऊन स्वतः बैलामागे उभे राहायचे. "सगळा देश भेसळीनं सडला," हे त्यांचं रोजचं वाक्य. त्यांच्यासमोर माल मांडताना वाण्याला घाम फुटायचा. एका बुधरीच्या दुधाला मात्र त्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. समोर पिळलेल्या दुधाला काय नाव ठेवणार?

त्या साली फाल्गुनात मास्तरांची एकुलती लेक बाळंतपणात गेली. मागे पोर राहिली, इंदू. जावयानं आखजीच्या, अक्षय तृतीयेच्या आत दुसरं लग्न लावलं, बिचाऱ्याला घाई होती. पोर आजोळी आली. तिच्या पोटात जायला होतं फक्त काजळीचं दूध.

मास्तरांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की दूध उकळलं की त्यातला जीव जातो, म्हणून तान्ह्याला धारोष्णच द्यावं. तेव्हा बुधरी सगळ्यांत आधी मास्तरांच्या ओसरीशी यायची. काजळीची पहिली धार सरळ चांदीच्या वाटीत. फेस खाली बसायच्या आत मास्तरांची बायको सुगंधाबाई कापसाची वात बुडवून पोरीच्या तोंडात धरायची. पुढं पुढं सुगंधाबाईंची कंबर धरली, तेव्हा वात बुधरीच्याच हाती आली.

"काऊन माय, भूक लागली? पी माय, पी. तुयासाठीच हाये."

मैना नाही, छकुली नाही, माय. आपल्याकडे लेकीला असंच म्हणतात. पोरगी वात सोडून तिचं बोटच चोखत राहायची. बाकीची गल्ली खोळंबायची, काजळी शेपटी आपटायची, आणि बुधरी उठायची नाही. आषाढापर्यंत पोरीच्या मनगटाला वळ्या पडल्या. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मनगट दाखवायचे आणि म्हणायचे, "हे शुद्ध दुधाचं काम." बुधरीला वाटायचं, हे माझं काम. ते तिनं कोणाला बोलून दाखवलं नाही, तेवढं बरं केलं.

आषाढातच मास्तर नागपूरला पेन्शनीच्या कामाला गेले आणि येताना काच घेऊन आले.

काच म्हणजे एक बंद नळी. खाली पाऱ्याचा गोळा, वर बारीक मान, मानेवर तांबडी रेघ. दुधात सोडायची. रेघ बरोबर दुधाच्या पातळीला राहिली तर दूध शुद्ध. नळी बुडाली आणि रेघ दुधाखाली गेली तर पाणी आहे. इतकं सोपं. सोबत एक इंग्रजी कागदही होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की दूध काढल्यावर दोन-तीन तास गार होऊ द्यावं, फेस बसू द्यावा, मग मोजावं. ऊन आणि फेसाळ दुधात नळी खोटंच बुडते. मास्तरांनी कागदाची घडी घालून पंचांगात खूण म्हणून ठेवली. इतकी वर्षं पोरांना प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून झोडपलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सगळी गल्ली जमवली. तमाशा फुकट म्हटल्यावर कोण येणार नाही? आधी दादाजी आला. दादाजी हा दुसरा दूधवाला, खांद्यावर कावड, ओठांवर सदा हसू, आणि त्याच्या दुधात झरपट नदीचं किती आणि म्हशीचं किती हे लहान पोरंही विचारायची. मास्तरांनी त्याच्या हंड्यातलं दूध उंच पेल्यात ओतलं. काच सोडली. रेघ बरोबर पातळीवर.

गल्ली अवाक झाली. दादाजी लगेच हात जोडून उभा राहिला. "गरीब मानूस हावो मास्तर, पन इमानाचा."

मग बुधरीची पाळी. तिनं पेला उपडा करून दाखवला. "पाहून घ्या जी." धार मारली. वर बोटभर फेस. मास्तरांनी काच सोडली आणि काच गपकन खाली गेली. रेघ दिसेना. परत काढली, पुसली, परत सोडली. परत तेच.

"बुधरे," मास्तर म्हणाले, "पाणी आहे."

ती हसली. तिला वाटलं थट्टा आहे. "कुठून येईन जी पानी? तुमच्याच पुढं तं पिळलं."

"तेच विचारतोय. कुठून येतं?"

इथंच घात झाला. दोन हातांवर उघड पिळलेलं दूध. डोळे सांगतात शुद्ध, काच सांगते पाणी. साध्या माणसानं म्हटलं असतं, काच बिघडली. पण काच नागपूरहून आली होती आणि बुधरी इरईकाठच्या झोपडीतून. मग कोणीतरी म्हणालं की परगावच्या गवळ्यांकडे एक युक्ती असते म्हणे, काखेत पाण्याची पिशवी, बाहीतून बारीक नळी, दुधाच्या धारेबरोबर पाण्याची धार. कोणी पाहिलेली नव्हती. पण सांगताच सगळ्यांना ती दिसायला लागली.

"झडती घ्या," सुगंधाबाई म्हणाल्या. सुगंधाबाईंनीच म्हटलं! इतके दिवस जिनं त्यांच्या नातीच्या तोंडात वात धरली, तिची.

मास्तरांनी सभ्यपणानं पाठ फिरवली. चार बायांनी बुधरीला ओसरीच्या खांबाशी धरलं. पदर ओढला, चोळीत हात घातले, लुगड्याचा ओचा सोडला, केसांचा बुचडासुद्धा सोडला. पावसाची बुरबुर होती, रस्त्यावर माणसं उभी होती, पुरुषांत पाठ फिरवली होती ती मास्तरांनीच काय ती. बुधरी ओरडली नाही. नुसती म्हणत राहिली, "काय करून राह्यल्या वं बाई, काय करून राह्यल्या."

ओच्यातून तंबाखूचा बटवा निघाला आणि एक काळा दोरा, त्यात ओवलेला नजरेचा मणी.

"हे काय?"

"मायसाठी आनलं. वळ्या लई झाल्या तिच्या हाताले, नजर लागन."

सुगंधाबाईंनी तो दोरा नालीत फेकला.

पिशवी सापडली नाही, नळी सापडली नाही. म्हणजे सुटली का बुधरी? छे! सापडत नाही म्हणजे किती पक्की असेल बघा, असं ठरलं. लुगडं कसंबसं गुंडाळून तिनं नालीत हात घातला, दोरा काढला, धुतला आणि कंबरेला खोचला. गल्लीनं त्या दिवसापासून दादाजीचा हंडा लावला.

दूध काय, कुठंही विकलं असतं. पठाणपुऱ्यात तिला कोणी ओळखत नव्हतं, काच तिकडं पोचली नव्हती. पण तिला पठाणपुरा नकोच होता. तिला ती ओसरी हवी होती आणि त्या ओसरीवरची पोरगी. गवऱ्या विकायच्या निमित्तानं ती गल्लीतून जायची. पंधरा दिवसांत पोरीचं रडणं बदललं. आधी पोट भरून ओरडायची, आता मांजरासारखी किरकिरायची. पाळण्यातून हात लोंबायचा, त्यावर वळ्या राहिल्या नव्हत्या. सुगंधाबाई शेजारणीला सांगायच्या, "दात येऊन राह्यले, म्हणून पातळ होते."

दात! बुधरीनं दोन लेकरं मातीत घातली होती. तिला दात आणि मरण यांतला फरक कळत होता.

ती ओसरीखाली जाऊन उभी राहिली. "मास्तर, चहाले नका घेऊ. गल्लीले नका घेऊ देऊ. मायपुरतं एक वाटी घ्या. पाया पडतो जी."

मास्तर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मी कोण घेणारा न घेणारा? काच पास करील त्या दिवशी घेईन. कायदा सगळ्यांना सारखा."

मग ती दादाजीकडे गेली. त्याच्याशी ती आजवर धड बोलली नव्हती. दादाजी खाटेवर बसून सुपारी कातरत होता. त्याला गुदगुल्याच झाल्या.

"आली का इमानदारीन! अवो बुधरे, काचेले इमान नाई समजत. तिले फक्त जड का हलकं समजते. तू ऊन ऊन धार मारतं, वरून एवढी साय, ते दूध हलकं. काच बुडनारच. रातभर दूध ठेवाचं मडक्यात, ओल्या वाळूत. सकाळी साय काढाची. मंग दूध होते जड, रेघ येते वर. लई वर आली तं मास्तर इचारन काय मिसळलं, म्हनून शेराले एक वाटी पानी. बस. रेघ जागेवर."

"साय काहाडून वरून पानी?"

"हाव. त्याले म्हनते शुद्ध दूध."

आणि खो खो हसला. एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही. काजळीचं दूध नुसतं गार करून नेलं असतं, साय न काढता, थेंबभर पाणी न घालता, तरी रेघ जागेवर आली असती. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण मग बुधरी बुधरीच राहिली असती, आणि ते त्याला कसं सोसावं?

ती चार दिवस झुरली. पाचव्या दिवशी तिनं साय काढली. पाणी मात्र घालवेना. तसंच दूध घेऊन गेली. काच वर तरंगली, रेघ दुधाच्या चांगली बोटभर वर. मास्तरांनी भुवया चढवल्या. "आता हे काय? शिंगाड्याचं पीठ मिसळलंस?" पाळण्यात पोरगी तिच्याकडे बघत होती. हसलीसुद्धा नाही. ओळख विसरली होती.

दुसऱ्या दिवशी बुधरीनं चुलीवर पाणी चांगलं खळाखळा उकळलं, निववलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुधात वाटी उपडी केली. स्वतःच्या मनाची समजूत घातली, दादाजीच्या हंड्यात डबक्याचं पाणी, माझं तर उकळलेलं. माझ्या काजळीचं दूध याच्या खाली आहेच ना. दादाजीपेक्षा चांगलंच.

काच सोडली. रेघ बरोबर पातळीवर.

"शाब्बास!" मास्तर गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "पाहिलंत? माणूस सुधारू शकतो."

बायांनी माना डोलावल्या. सुगंधाबाईंनी तर चहा पाजला, वेगळ्या कपात, पण पाजला. पोरीच्या मनगटाला काळा दोरा बांधायलाही नाही म्हटलं नाही. दोरा सैल झाला, बुधरीनं त्याला दोन गाठी जास्तीच्या मारल्या. आता ती पहाटे काजळीला घेऊन येत नसे, डोक्यावर मडकं घेऊन येई. तिला भांडं उपडं करून दाखवायला कोणी सांगत नव्हतं. तिनंही ते कधी दाखवलं नाही.

मास्तरांचा नियम मात्र तोच होता, पोरीला कच्चंच. धारोष्ण राहिलं नव्हतं, तर सुगंधाबाई वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायच्या. बुधरीला हे माहीत होतं, म्हणूनच ती पाणी उकळायची. एक दिवस चुकवलं नाही. पोरीनं अंग धरलं म्हणावं असं धरलं नाही, पण किरकिर थांबली. बुधरीचं बोट पुन्हा चोखायला लागली.

भादव्यात झड लागली. चार दिवस सूर्य नाही. झोपडीत लाकूड ओलं, गवऱ्या ओल्या, विस्तव धरेना. पाचव्या सकाळी तिनं फुंकून फुंकून डोळे लाल केले, नुसता धूर. उशीर झाला. उशीर झाला तर दादाजीचा हंडा आधी पोचणार. बाहेर झड तुडुंब भरलेल्या विहिरीत पडत होती, पाणी काठोकाठ, गढूळ. तिनं ते लुगड्याच्या पदरातून दोनदा गाळलं. स्वच्छ दिसलं. एकच वाटी.

तिसऱ्या दिवशी पोरीला जुलाब लागले, संध्याकाळी ओकाऱ्या. वैद्य आले, औषधी कांडी उगाळून दिली. सुगंधाबाई म्हणाल्या दात. चौथ्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे वर केले ते खाली आणले नाहीत. हाताला दोरा होता, तो मनगटावरून घसरून कोपरापर्यंत गेला होता, दोन जास्तीच्या गाठींसकट.

पोरीला झरपटेकाठी पुरून माणसं परत आली तेव्हा कोणीतरी ओसरीवर कुजबुजलं, दुधानं तर झालं नसेल? मास्तर उठले. त्या सकाळचं दूध झाकून ठेवलेलं होतं. सगळ्यांसमोर पेल्यात ओतलं, काच सोडली.

"बघा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "रेघेला बरोबर. दुधात दोष नाही. माझ्या घरात अशुद्ध काही येतच नाही."

बुधरी पायरीखाली चिखलात बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "हाये."

"काय आहे?"

"पानी हाये मास्तर. म्याच टाकलं. साय काहाडली अन् पानी टाकलं. रोज टाकलं. अन् झडीत इहिरीचं टाकलं, न उकळता. म्या मारलं मायले." आणि तिनं कपाळ पायरीवर आपटलं. "मारा मले. मारा ना जी!"

मास्तर पायरी उतरले आणि त्यांनी तिला हाताला धरून उठवलं. आजवर त्यांनी तिला कधी शिवलं नव्हतं.

"बुधराबाई," ते म्हणाले. बाई म्हणाले! "दुःखानं माणूस काहीही बोलतं. मी स्वतः मोजलंय. रोज मोजलंय. एका दिवसाचाही फरक नाही. उगीच स्वतःला दोष देऊ नका."

"अजी, खरं सांगून राह्यली..."

"वेडी झाली बिचारी," सुगंधाबाई रडत म्हणाल्या. "लई जीव होता तिचा पोरीवर."

गल्लीनं मान डोलावली. त्या दिवशी पहिल्यांदा गल्लीला बुधरीची दया आली. कोणी तिला पाणी दिलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. ज्या चार बायांनी तिचा ओचा सोडला होता, त्यातल्याच दोघी तिला झोपडीपर्यंत पोचवायला गेल्या.

पोरीचे दिवस झाले. चौदाव्या सकाळी गल्लीत पुन्हा लाकडी खडखड ऐकू आली. म्हैस पुढे, पारडू मागे, मधे बुधरी. मडकं नाही, कासंडी. मास्तरांच्या ओसरीशी थांबली, पेला मागून घेतला, उपडा करून दाखवला, आत हात फिरवला.

"पाहून घ्या जी. आता पान्याचा थेंब नाई. मरेपरेंत नाई."

तिनं धार मारली. ऊन, दाट, वर बोटभर फेस. मास्तरांनी काच आणली. काच गपकन बुडाली.

मास्तर पेल्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"पोरीची माती वाळली नाही अजून," ते म्हणाले, "आणि तू आजच सुरू केलंस?"

पेला त्यांनी तिच्या तोंडावर फेकला. दूध कपाळावरून, डोळ्यांवरून, चोळीत उतरलं. कोणीतरी दगड मारला, तो काजळीला लागला. दुसरा पारडाला. बायांनी दारं लावली, पोरांनी हुर्यो केली, आणि दादाजी कावड खाली ठेवून वाट देत बाजूला झाला, मोठ्या अदबीनं.

बुधरी दरवाज्याबाहेर इरईच्या वाटेला लागली. झोपडीशी येऊन तिनं पारडाला दाव्यातून सोडलं आणि काजळीखाली ढकललं. पारडू सवयीनं चौथ्या आचळाशी गेलं. तिनं त्याची मान धरून पहिल्याशी लावलं, मग दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी, आणि चारही रिकामी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.